मेल सर्व्हर बदलताना : जून-जुलै २०२५च्या नोंदी

२ जून, सोमवार

आजपासून काम सुरू. भोसरी एमआयडीसीतला प्रेस पार्टचा कारखाना, ऑफिस आणि शॉप मिळून मेल वापरणारे ६४ लोक, आणि आयटी म्हणजे मी एकटा. मेल सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत. मशीन २०११चं, त्यावर सेंटओएस ६ ही ऑपरेटिंग सिस्टिम, जिचे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० लाच बंद झाले. दोन डिस्कपैकी एकीचा लाल दिवा एप्रिलपासून जळतोय. त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली होती, कारण येणारा-जाणारा "हे काय लागलंय?" म्हणून विचारायचा आणि मला खरं उत्तर द्यायचं नव्हतं.

धाकट्या साहेबांनी मंजुरी दिली ती मात्र डिस्कमुळे नाही. त्यांचं कोटेशन चाकणच्या एका गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं म्हणून. असो, मंजुरी मिळाल्याशी कारण. सगळं क्लाउडवर न्यायचं, जूनअखेरपर्यंत.

तारीख ठरवायला अकाउंट्सच्या काकांकडे गेलो. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. या दिवसांच्या आगेमागे मेलला बोट लावायचं नाही, असं त्यांनी कॅलेंडरवर पेन ठेवून सांगितलं. उरले २१ ते ३०. आपली साप्ताहिक सुटी गुरुवारची, म्हणजे बदल बुधवारी २५ च्या रात्री.

३ जून, मंगळवार

शिरगणती केली. माणसं ६४, पत्ते ९१. जास्तीच्या २७ पैकी काही सामायिक (एन्क्वायरी, स्टोअर, डिस्पॅच), काही नोकरी सोडून गेलेल्यांचे. एक पत्ता 'टेस्ट२', त्यात ११ हजार मेल. चार वर्षांपूर्वी गेलेल्या एका मॅनेजरचा मेल अजून त्यांच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड होत होता. लगेच तोडला. त्यांना ते ठाऊक तरी होतं का, कोण जाणे. मला नव्हतं, एवढं खरं.

डेटा : सर्व्हरवर ९० जीबी, लोकांच्या पीसीवर पीएसटी फाइलींमध्ये (आउटलुक मेल साठवतं त्या) अंदाजे २९०. बहुतेकांचं आउटलुक पीओपी३ वर आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून स्वतःच्या पीसीत ठेवायचा आणि सर्व्हरवरचा पुसायचा. पूर्वी सर्व्हरवर जागा नसायची तेव्हा हे ठीक होतं. आपली लाइन २० एमबीपीएस. ३८० जीबी चढवायला कागदावर ४२ तास. दिवसा लाइन अडवली तर आरडाओरडा होईल, म्हणून रात्री १० ते ६.

५ जून, गुरुवार

सुटीच्या दिवशी आलो. फोन वाजत नाही, एसी आपल्या मनाप्रमाणे.

कोटेशन स्पॅममध्ये का गेलं ते सापडलं. आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुठल्या सर्व्हरना आहे, याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, लिहून ठेवतात, तिला एसपीएफ म्हणतात. ती एका डोमेनची एकच असावी लागते. आपल्या दोन निघाल्या. एक माझी, दुसरी पगाराच्या स्लिपा मेल करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी जोडायला सांगितलेली. दोन दिसल्या की घेणारा सर्व्हर 'कायमची चूक' असा शेरा मारतो, मग यादी असून नसल्यासारखी.

दोन्ही एकत्र केल्या तर दुसरंच झेंगट. यादी तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारायची मुभा असते. आपल्याकडे १३ होत होत्या, कारण प्रत्येक 'इन्क्लूड'च्या, म्हणजे दुसऱ्याची यादी जोडणाऱ्या ओळीच्या, पोटात आणखी इन्क्लूड. २०१९ साली बंद केलेली न्यूजलेटरची सेवा त्यात होती, ती काढली, आणखी एक फालतू ओळ काढली. आता ७.

डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आपल्याकडे मुळी नव्हतीच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत : दिवसाला ५ हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत, बाकीच्यांना पहिल्या दोनपैकी एक तरी. आपल्याकडे धड एकही नव्हतं. म्हणजे इतके दिवस इनबॉक्समध्ये जात होतं ते समोरच्याच्या चांगुलपणावर.

डीमार्क म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ही घेणाऱ्याला दिलेली सूचना. ती सध्या फक्त 'कळवत राहा' या पायरीवर ठेवली. एकदम 'नाकारा' केलं आणि पगाराच्या स्लिपा अडकल्या तर ६४ माणसं जिन्याखाली जमतील.

९ जून, सोमवार

पूर्ण दिवस काकांच्या टेबलाशी.

काकांची पीएसटी १.८७ जीबी. आकडा बघूनच शंका आली. फाइल जुन्या आउटलुकच्या पद्धतीची, जिची मर्यादा २ जीबी. आउटलुक २००३ पासून नवी पद्धत आली, आता तर ५० जीबीपर्यंत चालते, पण जुनी फाइल आपोआप नवी होत नाही. ती जन्मली तशीच राहते. काकांनी ती तीन पीसी बदलून, दरवेळी पेनड्राइव्हवर घालून, सांभाळून आणलेली. भरत आली की ते बसून जुने मेल पुसत. दर दिवाळीच्या आधी घर झाडल्यासारखं. कोणाला सांगितलं का? नाही. "कॉम्प्युटरची पद्धतच तशी असेल म्हटलं."

आणखी एक. काकांच्या पाठवलेल्या मेलमध्ये शेकडो मेलचा विषय एकच : 'उत्तर : दिवाळी बोनस २०२१'. आत स्टेटमेंट, फॉर्म १६, सप्लायरच्या पावत्या, एका ठिकाणी नातवाच्या मुंजीचं आमंत्रण.

म्हटलं, "काका, नवा मेल का नाही लिहीत?"

"अरे, जुना उघडून उत्तर दाबलं की समोरच्याचा पत्ता आपोआप येतो. नवा लिहायचा म्हणजे पत्ता शोधा."

"मग विषय तरी बदला."

"विषय बदलला तर मला तो सापडणार कसा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवी फाइल करून दिली, जुन्यातलं सगळं तिच्यात ओतलं. संध्याकाळी ६:४० ला संपलं.

११ जून, बुधवार

आज जीएसटीआर-१. अकाउंट्सच्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही.

डिझाइनकडून तक्रार : २२ एमबीचं ड्रॉइंग, समोरची मर्यादा २५ एमबी, तरी मेल परत. मेलमधून जोडलेली फाइल बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून जाते. तीन बाइटची चार होतात, वर ओळी तोडण्याचा खर्च. २२ चे ३० होतात. मर्यादा २५ असली तर १८ च्या पुढे पाठवू नका, असं सांगितलं. पटलं नाही. "मग २५ कशाला लिहितात?" बरोबर आहे त्याचं.

१३ जून, शुक्रवार

मार्केटिंगच्या मॅडम वर आल्या. गिऱ्हाइकाने ४ तारखेला एन्क्वायरीच्या पत्त्यावर मेल टाकला, आपल्याकडे आलाच नाही, असं म्हणतंय. असं अधूनमधून होतं, म्हणाल्या. "मी दरवेळी सांगते, तुम्ही दरवेळी स्पॅम बघा म्हणता." हेही खरं.

स्पॅम बघितला. नाही.

१६ जून, सोमवार

सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याने आपोआप लिहिलेल्या नोंदी, चाळले. मेल आला होता. ४ जूनला संध्याकाळी ५:५२ ला पोस्टफिक्सने (मेल घेणारा प्रोग्राम) घेतला, डोव्हकॉटने (खात्यांत ठेवणारा) एन्क्वायरीच्या खात्यात टाकला. चोख. मग गेला कुठे?

पीओपी३ च्या प्रत्येक भेटीअखेर डोव्हकॉट एक ओळ लिहितो : किती मेल उतरवले, किती पुसले. मॅडमच्या पीसीच्या ओळींमध्ये 'उतरवले १, पुसले ०', कारण तिथे 'सर्व्हरवर प्रत ठेवा' चालू आहे. पण ४ जूनला ६:१० ला दुसऱ्याच पत्त्यावरून भेट : उतरवले ३, पुसले ३. आयपीच्या, म्हणजे पीसीच्या नेटवर्कवरच्या पत्त्याच्या, शेवटी ४७. मॅडमचा पीसी १९.

४७ म्हणजे कोण? माझ्या यादीत नाही.

मागचे लॉग काढले. ४७ रोज येत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, नेहमी संध्याकाळी ६ नंतर. आला की एन्क्वायरीत असेल ते सगळं उचलून जातो. मॅडमनी त्याआधी बघितलं असेल तर त्यांच्याकडे प्रत राहते, नसेल तर तो मेल त्यांच्यापुरता जन्मलाच नाही. म्हणूनच सकाळचे मेल कधी हरवत नव्हते आणि साडेपाचनंतर आलेले हरवायचे.

१७ जून, मंगळवार

स्विचवर पोर्ट शोधला, वायर धरून चालत गेलो. वायर शेवटी डाय शॉपच्या काचेच्या केबिनमध्ये. तिथे एक जुना पीसी, तोही विंडोज एक्सपी, ज्याला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच राम म्हटला. दुसऱ्या पाळीचा इन्स्पेक्टर तपासणीचे रिपोर्ट छापायला तो लावतो. पीसी चालू झाला की आउटलुक एक्सप्रेस आपोआप उघडतं. तो ती खिडकी खाली करतो आणि कामाला लागतो. मेल उघडायचा त्याचा काही संबंध नाही.

आत २१७ न वाचलेले मेल. ४ जूनचा वरून नववा.

कधीतरी मार्केटिंगवाल्यांचा पीसी बिघडला असताना कोणीतरी तात्पुरतं खातं इथे जोडून दिलं असणार. कोणी, ते शोधायला फार वेळ लागला नाही. मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी होती, अक्षर माझं.

खातं काढलं. २१७ मेल मॅडमच्या फोल्डरमध्ये टाकले आणि जाऊन सांगितलं. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. काही बोलल्या नाहीत. चहा मात्र मागवला नाही.

नव्या व्यवस्थेत पीओपी३ बंदच ठेवायचं. सगळे आयमॅपवर : मेल सर्व्हरवरच राहतो, कोणीही कुठूनही बघो.

२१ जून, शनिवार

स्टोअरचे भाऊ दरवर्षी वारीला जातात. १९ ला आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले. निघण्याआधी त्यांच्या मेलला स्वयंचलित उत्तर लावून दिलं : 'माउलींबरोबर वारीत आहे. आषाढी एकादशीनंतर भेटू. तातडीचं असल्यास डिस्पॅचला फोन करावा.'

काल रात्री भाऊंच्या खात्यावर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तक्रार यंत्रणेतून एक पोच आली. आपल्या सर्व्हरने उत्तर दिलं, माउलींबरोबर वारीत आहे. त्यांच्या यंत्रणेने ती नवी तक्रार समजून नवा क्रमांक दिला आणि पोच पाठवली. आपण पुन्हा, माउलींबरोबर वारीत आहे. सकाळपर्यंत ३११८ तक्रारी. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या मुलाचा फोन, आवाज घाबरलेला : "साहेब, नेमका माल कुठला अडकलाय?"

ही उत्तराची स्क्रिप्ट माझ्या आधीच्या ॲडमिनने लिहिलेली. यावर नियमावली २००४ पासून आहे : एका माणसाला काही दिवसांत एकदाच उत्तर द्यायचं, मेलच्या माथ्यावर 'हे यंत्राने पाठवलंय' अशी खूण घालायची, आणि समोरच्याच्या माथ्यावर ती खूण दिसली तर गप्प बसायचं. आमची स्क्रिप्ट यातलं काहीच करत नव्हती. बंद केली. भाऊ आता कुठल्या मुक्कामाला असतील कुणास ठाऊक, त्यांना काहीच कळवलं नाही.

२३ जून, सोमवार

डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा हे सांगते ती एमएक्स नोंद. तिचा टीटीएल, म्हणजे लक्षात ठेवायची मुदत, ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणला. जगभरचे सर्व्हर आपला जुना पत्ता एक दिवस लक्षात ठेवतात, तो आता पाच मिनिटंच ठेवतील. हे एक दिवस आधी करायचं असतं, मी दोन दिवस आधी केलं. मागच्या एका कामात ऐन वेळी केलं होतं आणि दीड दिवस अर्धा मेल इकडे, अर्धा तिकडे.

रात्रीचं इमॅपसिंक, म्हणजे जुने मेल नव्या जागी चढवणं, १० तारखेपासून चालू आहे. सव्वापाच रात्री लागतील असा हिशेब होता, अकरा लागल्या. वेळ मेलच्या आकारापेक्षा संख्येने खातो. 'टेस्ट२'ला नेलंच नाही.

२५-२६ जून, बुधवार रात्र ते गुरुवार

१०:०५ ला एमएक्स बदलला. १०:२० ला पहिला मेल नव्या जागी. कोणाचा? सिमेंटच्या जाहिरातीचा.

१ वाजता वीज गेली. भोसरीत पहिल्या जोरदार पावसाला जाते तशीच. जनरेटर लागला. राउटर परत उभा राहायला सहा मिनिटं, मला त्यात दोन वेळा देव आठवला. क्लाउडचं एक बरं, वीज गेली ती आमच्याकडची, मेल येतच होता.

जुना सर्व्हर चालूच ठेवलाय. एखादा पाठवणारा अजून जुन्या पत्त्यावर आला तर दार उघडं हवं.

२७ जून, शुक्रवार

सकाळी ९ पासून ११:३० पर्यंत ४१ फोन. त्यातले ३० पासवर्डचे. कॅपिटल अक्षर म्हणजे काय हे सात जणांना समजावलं.

मी 'सर्व' या गटाला मेल टाकला की नवी व्यवस्था सुरू झाली, अडचण असल्यास कळवा. त्याला 'सर्वांना उत्तर' दाबून १९ जणांनी 'मिळाला' लिहिलं. मग एकाने सर्वांना लिहिलं, कृपया सर्वांना उत्तर देऊ नका. त्याला तिघांनी सर्वांना उत्तर देऊन 'बरोबर' म्हटलं. १९९७ साली खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये असंच झालं होतं, १३ हजारांच्या आसपास लोकांची यादी आणि दीड कोटीच्या घरात मेल. तेव्हा आमचं प्रमाण माफक. गटाला लिहायचा हक्क आता फक्त एचआर आणि मला.

दुपारी स्कॅनर. पहिल्या मजल्यावरचं मोठं झेरॉक्स मशीन स्कॅन करून मेल करतं, ते बंद पडलं. मेल वाटेत कोणी वाचू नये म्हणून वापरायची जी सांकेतिक भाषा, टीएलएस, तिची १.० एवढीच आवृत्ती त्याला येते, १९९९ची. नवी सेवा १.२ च्या खाली बोलत नाही. मशीनला अपडेट नाही. तोडगा : जुन्या डेस्कटॉपवर छोटा रिले, म्हणजे मेल पुढे पोचवणारा मधला, बसवला. मशीन घरातल्या घरात त्याच्याशी जुन्या भाषेत बोलतं, तो बाहेर नव्या भाषेत. फक्त त्या मशीनच्या आयपीला मुभा. तात्पुरतं म्हणून केलंय. तात्पुरत्याचं काय होतं ते १७ तारखेच्या नोंदीत आहे, म्हणून याची चिठ्ठी नोंदवहीत लावली, मॉनिटरला नाही.

३० जून, सोमवार

काका स्वतः जिना उतरून आले. असं कधी होत नाही.

"माझे महत्त्वाचे मेल गेले."

"कुठल्या फोल्डरमधले?"

"डिलिटेड आयटममधले."

पीएसटी चढवताना मी सगळ्यांचा कचरा वगळला होता. जागा वाचावी म्हणून, आणि कचरा कोण मागतो म्हणून. काकांची पद्धत अशी : मेल वाचला, काम झालं, की डिलीट. एक बटण दाबलं की समोरून जातो आणि नीट एका जागी साठतो. हवा तेव्हा तिथे जाऊन काढायचा. १४ वर्षं चाललंय, कधी बिघडलं नाही.

मूळ फाइल जपून ठेवलेली, म्हणून वाचलो. सगळं परत आणून 'झालेली कामं' या फोल्डरमध्ये ठेवलं. नव्या सेवेत कचरा ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, हे सांगितल्यावर काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू नगरपालिकेने त्यांचं कपाट उचलून नेलं. मग दाखवलं : आउटलुकमध्ये डिलीटऐवजी बॅकस्पेस दाबा, मेल अर्काइव्हमध्ये जातो, तिथे कोणी झाडत नाही. "म्हणजे तेच काम, बटण तेवढं दुसरं?" तेच काम.

बाकी लोकांना विचारलं, कचऱ्यात कोणाचं काही महत्त्वाचं होतं का. पाच जणांनी हळूच हात वर केला.

२ जुलै, बुधवार

काकांनी बोलावलं. एक मेल दाखवला. कुपवाडच्या कास्टिंग सप्लायरकडून : आमचं बँक खातं बदललंय, थकीत बिल नव्या खात्यावर भरावं. बिलाचा नंबर बरोबर, रक्कम पैशासकट बरोबर, खाली त्यांचीच सही आणि लोगो.

"याला आयएफएससी बघ. ब्रँच परराज्यातली. तो माणूस कुपवाड सोडून सांगलीत सुद्धा खातं उघडणार नाही."

काकांनी सप्लायरला फोन करून विचारलं होतं. मेलमधल्या नंबरवर नाही, स्वतःच्या वहीतल्या. खातं बदललेलं नाही.

पत्ता मोठा करून बघितला. सप्लायरच्या डोमेनमध्ये इंग्रजी 'एम' आहे, या मेलमध्ये त्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. स्क्रीनवर फरक कळत नाही. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. पास होणारच, डोमेन चोराचं स्वतःचं, त्याने सगळं नीट भरलंय. जे मी ५ जूनला दिवसभर बसून केलं ते आपल्या नावाने दुसऱ्याने पाठवू नये म्हणून. आपल्यासारखं दिसणारं नाव कोणी विकत घेतलं तर त्याला ते अडवत नाही.

बिलाचा नंबर त्यांना कळला कसा, हा खरा प्रश्न. कुठलातरी मेलबॉक्स फुटलेला, आमचा किंवा त्यांचा. आमच्याकडे परक्या ठिकाणाहून लॉगिन नाही, फॉरवर्डचे नियम तपासले, स्वच्छ. सप्लायरला सांगितलं, पासवर्ड बदला आणि फॉरवर्ड बघा. अर्ध्या तासात त्यांचा फोन : एक नियम सापडला, 'बिल' शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेर जात होता. सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेले असते तर आधी १९३० ला फोन, हेही अकाउंट्सच्या भिंतीवर लिहून लावलं.

सर्वांसाठी टू-स्टेप लॉगिन आजपासून सक्तीचं. काकांनी विचारलं, ओटीपी कुठे साठवायचा.

८ जुलै, मंगळवार

डीमार्कचे रिपोर्ट महिनाभराचे बघितले. आपल्या नावाने जाणारं पण यादीत नसलेलं एकच सापडलं : वेबसाइटवरचा संपर्काचा फॉर्म. त्याला जोडून घेतलं. आता डीमार्क 'क्वारंटाइन'वर, म्हणजे 'नापास मेल स्पॅममध्ये टाका'वर, नेला. 'नाकारा' दिवाळीनंतर बघू.

एचआरच्या मराठी सूचना फोनवर कोणाला वाचता येत नव्हत्या. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, तो फॉन्ट नसेल तिथे नुसती चिन्हं. गेली सहा वर्षं सुटीच्या सूचना लोक एकमेकांना विचारून घेत होते आणि एचआरला वाटत होतं सगळे वाचतात. त्यांना युनिकोड कीबोर्ड लावून दिला.

११ जुलै, शुक्रवार

जुना सर्व्हर बंद करायचा दिवस. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात, ते बाहेर काढले. शेवटच्या आठ दिवसांत कोणी इथे आलं होतं का, बघितलं. बाहेरचं कोणी नाही. आतला एक आहे. रोज पहाटे ३ वाजता एक मेल, पाठवणारा जनरेटरचा पॅनेल, घेणारे २०२२ला निवृत्त झालेले मेंटेनन्स इंजिनिअर. विषय : डिझेल पातळी कमी.

मागे जाऊन बघितलं, मार्चपासून रोज. खाली जाऊन टाकीची काच बघितली. तळाला चार बोटं. म्हणजे २५ जूनच्या रात्री राउटर उभा राहिला तो याच्यावर.

पॅनेलमध्ये नव्या रिलेचा पत्ता भरला. मेल आता कोणाला पाठवायचा म्हणून मेंटेनन्सला विचारलं. ते म्हणाले, स्टोअरच्या भाऊंना, डिझेल तेच मागवतात. भाऊ वारीहून परवा आले. त्यांचा इनबॉक्स उघडला तर न वाचलेले ४७२.

टाकीचं तोंडानेच सांगून आलो. सर्व्हर ५:१५ ला बंद केला, चिकटपट्टी काढली.